मदर्स डेच्या आधी टोमॅटो नको

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "मावशी, घरामागे एवढी जागा आहे, शनिवारी सगळी खणून काढते." ऐकून फार बरं वाटलं, आणि लगेच धास्तीही वाटली. म्हणून हे पत्र.

इथं अमेरिकेत कुदळ मारण्याआधी ८११ वर फोन कर. जमिनीखालून गॅसची नळी, विजेच्या तारा कुठून गेल्यात ते माणूस येऊन फुकट आखून देतो. त्याला दोनेक दिवस तरी लागतात, म्हणजे हा शनिवार गेला. जाऊ दे. आयोवातला मे फसवा असतो, दुपारी स्वेटर उतरवावा लागतो आणि पहाटे दव गोठतं. माझ्या पहिल्या वर्षी एप्रिलअखेर आठवडाभर छान ऊन पडलं म्हणून मी टोमॅटोची बारा रोपं लावली. एका सकाळी बाराच्या बारा काळी पडलेली. रडले मी तेव्हा. शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून सांगितलं, इथं टोमॅटो, वांगी, मिरची मदर्स डेनंतर, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारनंतरच. आणि तेव्हाही रात्री एखादी जुनी चादर हाताशी असू दे. भेंडीला जमीन तापलेली लागते, ती मे सरता सरता पेर. मेथी-कोथिंबीर मात्र आजच कुंडीत टाक. जूनअखेर उकाडा वाढला की कोथिंबीर फुलावर येते, मग ऑगस्ट संपताना पुन्हा पेरायची.

माती मुठीत घेऊन बघ. आपल्याकडच्या काळ्या रानासारखी दिसेल, पण हिचा जन्म वेगळा. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झाली, ही गवतानं केली. हजारो वर्षं इथं माणसाहून उंच गवत होतं, त्याची मुळंही तितकीच खोल, आणि ती कुजून कुजून हा रंग आला. आयोवाचा सुमारे ८० टक्के भाग असा प्रेअरीचा होता. आज त्यातला हजारातला एक भागही उरलेला नाही, नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. प्रेअरी सिटीजवळ नील स्मिथ अभयारण्यात ती पुन्हा रुजवतायत, बायसनही सोडलेत. जुलैत जा, गवत तेव्हा वाढलेलं असतं.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. "कुंपणालगत रुईसारखं रान माजलंय, ते उपटते" असं तू म्हणालीस. उपटू नकोस. तुझी नजर बरोबर आहे, ते मिल्कवीड रुईच्याच कुळातलं आहे. पान खुडलं की तसाच पांढरा चीक येतो, तो हात डोळ्यांना लावू नकोस. मोनार्क फुलपाखरू अंडी घालतं ते याच झाडांवर. आपल्याकडे रुईवर ते नारिंगी, काळ्या काठाचं फुलपाखरू दिसतं ना, प्लेन टायगर? त्याचंच हे भावंड. जूनमध्ये रोज सकाळी चहा घेऊन जा आणि पानं उलटून बघ. टाचणीच्या डोक्याएवढं, पांढुरकं, उभ्या रेघांचं अंडं दिसेल. तीन-चार दिवसांत अळी निघते, पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, आणि दोनेक आठवडे नुसती खात राहते. मग हिरवा कोष, त्यावर सोन्यासारखे ठिपके. दहा-बारा दिवसांनी कोष काचेसारखा पारदर्शक होतो, आत दुमडलेले पंख दिसतात. उन्हाळ्याच्या शेवटी जन्मलेली पिढी अंडी घालायला थांबत नाही, अडीच हजार किलोमीटरवर मेक्सिकोच्या डोंगरात हिवाळा काढायला निघते. कधी न पाहिलेल्या ठिकाणी. पहिली दोन वर्षं मी हे झाड तण म्हणून मुळासकट काढत होते. अजून मनाला लागतं ते.

गवताच्या उंचीचा मात्र गावचा नियम असतो, सिटी हॉलमध्ये विचारून घे. आणि शेजाऱ्यांना आपणहून सांग की तो कोपरा मोनार्कसाठी राखलाय. कारण कळलं की लोक समजून घेतात.

फवारणी करू नकोस. जूनअखेर जपानी भुंगे येतील, हिरव्या डोक्याचे, तांबूस चमकदार पंखांचे. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून टाकायचे. सशांसाठी दोन फूट जाळी, खालची कड जमिनीत पुरलेली. बास. विष मारलंस तर काजवेही जातील. त्यांच्या अळ्या जमिनीत राहतात, गोगलगायी खातात. भंडारदऱ्याला अख्खं झाड लखलखताना तू पाहिलं आहेस. इथं तसं नसतं. जूनमध्ये नऊच्या सुमारास उजेड सरला की गवतातून एकेक वर चढतो आणि चढता चढता उजेडाची वाकडी रेघ ओढतो. त्या वेळी मागच्या दाराचा दिवा बंद ठेव.

माणसंही या परसातूनच भेटतील. जुलैत कुणीतरी दारात झुकिनीची पिशवी ठेवून जाईल. नाही म्हणू नकोस, किसून थालीपिठात घाल, आणि त्यातलं एक गरम थालीपीठ परत पाठव. रस्त्याकडेच्या टेबलावर मक्याची कणसं आणि पैशांचा डबा असतो, पाहणारं कुणी नसतं. पैसे टाकायचे, डझन घ्यायची, त्याच दिवशी उकडायची, कारण ठेवली की गोडी पिठात जाते. काउंटीची जत्रा चुकवू नकोस. तिथं शाळकरी पोरं स्वतः वाढवलेली वासरं आणि ससे घेऊन उभी असतात. त्यांना प्रश्न विचार, फार आनंदानं सांगतात.

१० ऑगस्ट २०२० ला डेरेचोचं, म्हणजे सरळ रेषेत सुटणाऱ्या वाऱ्यांचं, वादळ आलं, तेव्हा माझं सगळं परस आडवं झालं आणि मॅपल गॅरेजवर पडला. बोलावलं नसताना चार घरची माणसं करवती घेऊन आली. त्यातल्या दोघांची तर मला नावंही माहीत नव्हती, ओळख होती ती दोडक्याच्या वेलाबद्दल कुंपणावरून झालेल्या गप्पांपुरती.

जूनच्या पहिल्या शनिवारी मी येते. माझ्याकडची दोन वांग्याची रोपं आणते. ८११ वाल्यानं गवतावर मारलेल्या रंगाच्या खुणा तोवर राहू देत, त्या बघून वाफे आखू. आणि मिल्कवीडची पानं त्या सकाळी आपण दोघी मिळून उलटू.

तुझी,
मावशी