दिवाळीत पुण्याहून सासरी, अचलपूर तालुक्यात सायकल कशी न्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दिवाळीला दहा दिवस बायको-मुलाला घेऊन परतवाड्याजवळ सासरी जाताय, गिअरची सायकल सोबत हवी आहे, आणि मधले दोन दिवस चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे. सायकल रेल्वेनं न्यावी की ट्रॅव्हल्सनं, तो कडक प्लास्टिकचा डबा विकत घ्यावा का, आणि तिकडे सुटं सामान मिळतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी तुमच्या सासरच्याच भागातला. अकरा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि त्यातल्या बहुतेक दिवाळ्यांना सायकल घेऊन गावी गेलो. आता गावीच असतो, त्यामुळे उत्तर अनुभवाचं आहे. शहाणपणाचं असेलच असं नाही.

डबा घेऊ नका. तो विमानासाठी ठीक. रिकामा डबाच दहा-बारा किलोचा भरतो, आणि अमरावतीला उतरल्यावर त्याचं करायचं काय? सायकलवर टांग मारलीत तर डबा कोण नेणार, आणि डबा जीपवर चढवायचा तर जीपवाला तीन माणसांची जागा गेली म्हणून तोंड पाडतो. पुण्याहून अमरावती हा काही प्रश्नच नाही. अडचण आहे ती अमरावतीच्या पुढच्या पन्नास किलोमीटरची. पूर्वी मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे, शकुंतला, चालायची तेव्हा वडील सायकल सरळ गाडीच्या डब्यात टाकून आणायचे. गार्डही ओळखीचा, हमालही ओळखीचा. ती गाडी बंद आहे. म्हणून सायकल कुठं उतरणार आणि तिथून गावापर्यंत कशी जाणार, हे आधी ठरवा आणि मग पुण्याकडून मागे येत बाकीचं ठरवा.

माझं मत रेल्वेला. तीही अमरावतीलाच संपणारी गाडी. मेन लाइनच्या गाड्या बडनेऱ्याला येतात, पण तिथं थांबा काही मिनिटांचा. तेवढ्यात बायको-मुलगा-पिशव्या उतरवायच्या की सायकलसाठी गाडीच्या टोकाच्या मालाच्या डब्याकडे धावायचं? सायकल उतरलीच नाही तर ती नागपूर पाहून येते. गाडी अमरावतीला संपत असली की सगळा डबा रिकामा करावाच लागतो. तिकीट साठ दिवस आधी खुलतं, आणि दिवाळीचं त्या दिवशी सकाळीच काढायचं असतं, हे पुणेकराला सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सायकल दोन प्रकारे जाते: लगेज म्हणून किंवा पार्सल म्हणून. तुमच्या प्रवासाच्या तिकिटावर, त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे टोकाच्या मालाच्या डब्यातून, जाते ते लगेज. तिकिटाशिवाय नुसता माल म्हणून दिला की ते पार्सल, आणि ते जागा मिळेल त्या गाडीनं जातं. पहिल्या वर्षी मला हा फरक माहीत नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी मोकळा वेळ होता म्हणून जाऊन सायकल देऊन आलो, तिकीट दाखवलंच नाही, आणि पार्सलच्या फॉर्मवर खुशाल सही केली. मी धनत्रयोदशीला पोचलो, सायकल भाऊबीज झाल्यावर. चूक माझीच. खिडकीवर पहिलं वाक्य हेच बोला: "याच गाडीनं जातोय, लगेज करायचंय," आणि तिकीट पुढं करा. पावतीवर गाडी नंबर आणि कुठून-कुठं हे तिथंच उभं राहून वाचा.

स्लीपरला ४० किलो सामान फुकट असतं म्हणून सायकल त्यात बसेल, असं कोणी सांगेल. बसत नाही. सायकल-स्कूटरला ती सूट लागू नाही, तिचं भाडं वेगळं पडतं. नियमानं गाडी सुटायच्या अर्धा तास आधी सामान द्यायचं असतं. दिवाळीत दोन तास आधी जा, कारण ब्रेकव्हॅनचे कप्पे बऱ्याचदा खासगी ठेकेदारांना दिलेले असतात आणि उरलेल्या जागेसाठी फटाक्याच्या वातीसारखी रांग लागते. चाकं काढून पिशवीत घालून बर्थखाली सरकवायची युक्तीही लोक करतात, मीही दोनदा केली. पण डब्यात नेण्याच्या सामानाचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे आणि मोठ्या फ्रेमची सायकल त्यात मावत नाही. टीसीनं मनावर घेतलं तर कैकपट पैसे. दिवाळीच्या गर्दीत तर शेजारचे लोकच तुम्हाला खाली उतरवतील.

लगेजसाठी सायकल सोडू नका. दोन्ही चाकं लावलेली असू द्या. चाकांवर उभी असलेली वस्तू हमाल ढकलत नेतो, आडवं गाठोडं असलं की ते उचलून भिरकावतो. पेडल काढा, १५ नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पेडलची आटी उलटी असते हे विसरू नका. मी एकदा ती नेहमीच्या दिशेनं सोडवायला म्हणून जोर लावत बसलो आणि आणखी आवळून ठेवली, शेवटी पाइप घालून सुटली. हँडलचा बोल्ट सैल करून हँडल फ्रेमच्या रेषेत फिरवा, सीट खाली दाबा. हवा सगळी काढू नका, थोडी ठेवा, नाहीतर रिम आपटते. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, सगळ्यात नाजूक. गिअर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकला की तो आत, चाकाकडे सरकतो. त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा दोन वेढे गुंडाळून सुतळीनं बांधा. फ्रेमच्या नळ्यांना पुठ्ठा. दिवा, मीटर, पंप, बाटली हे सगळं काढून आपल्या पिशवीत. आणि चाकाला कुलूप लावू नका. लावलंत तर ढकलता येत नाही आणि मग परत उचलून भिरकावणं आलं.

वरून बारदाना. भुसाराच्या दुकानात जुनी पोती मिळतात, चार पुरतात. ती उसवून सायकलभोवती दाभणानं शिवायची. मोठ्या स्टेशनबाहेर शिवून देणारी माणसंही बसतात. चाकं खालून उघडी ठेवा. नाव, फोन, कुठून-कुठं हे मार्करनं कापडावर लिहून ते कापड शिवून टाका, आणि तोच मजकूर प्लास्टिकमध्ये घालून आतल्या नळीलाही बांधा. बाहेरचं नाव ओलं होऊन पुसलं तरी आतलं राहतं.

अमरावतीला पावती दाखवून सायकल घ्या, तिथंच शिवण उसवा, पेडल लावा, हवा भरा. बायको-मुलाला सामानासकट गाडी करून किंवा एसटीनं पुढं पाठवा आणि तुम्ही सायकलवर निघा. वलगाव, मग आसेगाव, मग परतवाडा, सगळा सपाट रस्ता. सकाळी निघालात तर पूर्णेवर धुकं असतं, दोन्ही बाजूंना पांढरी झालेली पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि वेचणीला निघालेल्या बाया हात करून विचारतात की कुठून आले. आसेगावला चहा घ्या. मधे कुठं रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं दिसलं तर उतरून चाला. ते दाणे चाकाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात, आणि पडलात तर वर शेतकऱ्याचं बोलणंही खावं लागेल.

ट्रॅव्हल्स हा दुसरा मार्ग. पुण्याहून अमरावतीपर्यंत बऱ्याच जातात, काही परतवाड्यापर्यंतही. इथं मात्र चाकं काढून मऊ पिशवीत सायकल न्या, कारण डिक्कीत उभी मावत नाही. क्लीनरला आधीच विचारून पैसे ठरवा आणि डिक्की बंद होईपर्यंत तिथून हलू नका. दिवाळीत त्या डिक्कीत माणसांपेक्षा खोकी जास्त प्रवास करतात. चेनची बाजू वर ठेवून सगळ्यात शेवटी ठेवायला सांगा. हायड्रॉलिक डिस्कब्रेक असेल तर चाक काढल्यावर दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी सारा. पिशवीत लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटतात आणि चाक आत जात नाही.

एसटीच्या जुन्या गाड्यांना टपावर कॅरिअर असायचं, सायकल सहज जायची, कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा. आता बऱ्याच गाड्यांना टप सपाट. काळी-पिवळी जीपच्या टपावर जाते, पण बांधणी स्वतः बघा. माझी एकदा चेनच्या बाजूवर आडवी पाडून आवळली आणि वीस किलोमीटर खड्ड्यांतून नेली, डिरेलर ज्याला अडकवतात तो हँगर पार वाकला. तेव्हापासून दोन इंचांचा तो सुटा हँगर माझ्या खिशात असतो. तुमच्या सायकलच्या मॉडेलचा पुण्यातूनच घ्या. परतवाड्यात काय, नागपुरातही तो पटकन मिळेल असं नाही.

विमानाचं एका वाक्यात सांगतो. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईहून ७२ आसनी एटीआर येतं, पण पुणेकराला तो वळसा आहे आणि छोट्या विमानात सायकल घेतील का हे आधी विचारावं लागेल.

सुटं सामान. आमच्याकडचा सायकलवाला हातानं सोनं आहे, पण त्याचं जग मोठ्या काळ्या सायकलीचं. माझ्या ट्यूबचा हवा भरायचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह बघून आमच्या गावच्या मिस्त्रीनं तो दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला आणि म्हणाला, "यात हवा कशी भरा लागते बाप्पा?" पितळेचा छोटा ॲडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवर चढवला की मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. असे दोन ठेवा, एक हरवतोच. ट्यूब दोन, पॅच भरपूर. याचं कारण बाभूळ. शेताच्या कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडून पांदणीतून, म्हणजे शेताच्या वाटेनं, ओढत नेतात, आणि त्यांचे काटे धुळीत सरळ उभे राहतात. काटा निघाला म्हणून लगेच ट्यूब बदलू नका. टायरच्या आतून हळूच बोट फिरवा, दुसरा असतोच. पांदणीनं फिरायची हौस असेल तर ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घालूनच या. डांबरी सोडायची नसेल तर एवढं लागत नाही.

चिखलदरा. परतवाड्याहून तीसेक किलोमीटर, धामणगाव गढीपर्यंत रस्ता अंगाला लागत नाही, खरा चढ तिथून पुढं. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, म्हणजे परतवाड्यापासून सातशे मीटर चढ धरा. पहाटे निघा. दिवाळीच्या सुट्टीत दहानंतर नागपूर-अमरावतीच्या गाड्यांची रांग लागते आणि वळणावर सायकल कोणाला दिसत नाही. वर कीचकदरा, भीमकुंड, गाविलगड, आणि विदर्भात दुसरीकडे न दिसणारी कॉफीची झाडं. उतरताना ब्रेक धरून ठेवू नका, दाबून सोडा, दाबून सोडा, नाहीतर डिस्क निळी पडते. घटांगकडूनही एक रस्ता आहे, लांबचा. त्याहून पुढं सेमाडोहकडे सायकलनं जायचा मोह टाळा. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतलं हे मेळघाट आहे, आणि खरं सांगायचं तर वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त. वाघ वाट सोडतो, अस्वल दचकलं की अंगावर येतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. पहिल्याच दिवशी पारावर चर्चा होईल: "जवाईबुवा सायकलवर काहून आले? गाडी इकली का?" सासऱ्यांना आधीच फोन करून कल्पना द्या, त्यांना पारावर उत्तर द्यावं लागतं. किंमत कोणी विचारली तर सांगू नका. मी एकदा खरी सांगितली, तर समोरच्यानं तेवढ्यात जोडी आली असती म्हणून बैलांचे भाव काढले आणि अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. पोरांना मात्र चक्कर मारू द्या, फक्त गिअर कसा बदलतात हे आधी शिकवा, उभ्या उभ्या लिव्हर दाबत बसतात.

परतीलाही लगेजच करायचं. येतानाचा बारदाना उसवला की घडी करून एका पिशवीत घाला आणि पिशवी खोलीत वर ठेवा. अंगणात ठेवलात तर गेला. माझा एकदा निघायच्या दिवशी गोठ्यात सापडला, वासराखाली, आणि वासरू उठायला तयार नव्हतं.