रजिस्ट्रीला हात लावण्याआधी

प्रश्न : विंडोज ११चा लॅपटॉप फार हळू चालतो. भाचा म्हणतो, रजिस्ट्रीतल्या काही नोंदी बदल. बदलू का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, घाई नको. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही. ती बदलायच्या रजिस्ट्री एडिटरमध्ये 'सेव्ह'चं बटण नसतं. बदल तिथल्या तिथे नोंदला जातो आणि 'अनडू'ही नाही. म्हणून जी की (नोंदींचा कप्पा) बदलणार, तिची प्रत आधी एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा, मग रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला आजच्या स्थितीत परत नेणारी खूण, तयार करा. त्याने तुमचे फोटो, हिशेब परत येत नाहीत. त्यांची प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर हवीच.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. आमच्या चाळीतल्या एका मुलीने ती लॅपटॉपमध्येच ठेवली होती. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) काहीतरी बदलल्यावर स्क्रीनने तीच मागितली आणि तिचा अख्खा प्रबंध आत अडकला. तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

एका वेळी एकच बदल करा, जुनं मूल्य वहीत लिहा.

पण मला विचाराल तर रजिस्ट्री राहू द्या. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी आधी बघा, नको ती अ‍ॅप्स बंद करा. जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या. फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.