आधी खरेदीखत वाच

अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियातल्या लॅटिनो, म्हणजे मेक्सिकन आणि इतर लॅटिन अमेरिकी मुळांच्या, लोकांच्या वस्त्यांवरचं तुझं टिपण परवा मिळालं, दोनदा वाचलं. तुझ्या आईने माझा पत्ता दिला ते बरं केलं. नगररचना खात्यात सत्तावीस वर्षं काढल्यावर असं काही वाचायला देणारं माणूस घरी येईनासं होतं.

पहिल्याच वाक्याला लाल पेन लागलं. तू लिहितेस, ‘विसाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनो कुटुंबं शहरातून उपनगरांत येऊ लागली.’ लॉस एंजेलिसजवळच्या साऊथ गेटसाठी हे चालेल. पण तुझा विषय शेजारची ऑरेंज काउंटी, म्हणजे ऑरेंज जिल्हा, आहे, आणि तिथे लोक आधी होते, उपनगर नंतर आलं.

डिस्नेलँड उघडलं १९५५ साली, संत्र्यांच्या बागा तोडून. त्याआधी काही दशकं तो सगळा पट्टा व्हॅलेन्सिया संत्र्यांचा. झाडावर चढून फळं उतरवणारे मेक्सिकन, पॅकिंग हाऊसमध्ये फळं निवडणाऱ्या त्यांच्या बायका. त्यांच्या वस्त्या बागांच्या कडेला, रुळांलगत: प्लासेन्शियातली अ‍ॅटवूड आणि ला होया, सांता आनामधली लोगन, ऑरेंजजवळची एल मोडेना. या वस्त्यांना कोलोनिया म्हणत. आपल्याकडे कॉलनी म्हटलं की बंगले, कंपाउंड आणि सेक्रेटरी डोळ्यांसमोर येतो. तिथे कोलोनिया म्हणजे बहुतेकदा कच्चा रस्ता आणि पाण्याची बोंब. १९३६ मध्ये याच तोडणी कामगारांनी मोठा संप केला, तो शेरिफने बळाने मोडून काढला. युद्धानंतर बागा गेल्या, एकसारख्या घरांच्या रांगा उठल्या आणि कोलोनिया मधेच अडकून राहिल्या. तू वांद्र्याची आहेस, गावठाण म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको.

मग ते त्या नव्या रांगांमध्ये राहायला का गेले नाहीत? याचं उत्तर आकडेवारीत शोधू नकोस. आधी खरेदीखत वाच.

त्याच काउंटीतल्या फुलर्टनमध्ये १९४३ साली अ‍ॅलेक्स बर्नाल आणि त्याची बायको एस्थर यांनी एक घर घेतलं. त्या भागातल्या खरेदीखतांत अट होती, की मेक्सिकन किंवा गोरी नसलेली कुणीही व्यक्ती ही जागा वापरणार नाही, भाड्याने घेणार नाही, तिची मालक होणार नाही. शेजारी त्याच अटीवर कोर्टात गेले. बर्नाल कुटुंबाचे वकील डेव्हिड मार्कस. निकाल बर्नालच्या बाजूने लागला, आणि तोही अशा अटींबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा १९४८ चा निकाल येण्याच्या पाच वर्षं आधी.

मार्कस हे नाव लिहून ठेव, ते पुन्हा येतं. तिथल्याच वेस्टमिन्स्टर गावात गोन्झालो आणि फेलिसिटास मेंडेझ शेती करत होते. शेत मुनेमित्सु नावाच्या जपानी-अमेरिकन कुटुंबाचं. युद्धात त्या कुटुंबाला अ‍ॅरिझोनातल्या छावणीत डांबलं गेलं, म्हणून जमीन मेंडेझना खंडाने मिळाली. गोन्झालोची बहीण सोलेदाद विदाउरी घरातली सगळी मुलं घेऊन शाळेत नाव घालायला गेली. तिची स्वतःची मुलं उजळ, आडनाव फ्रेंचसारखं वाटणारं, त्यांना प्रवेश मिळाला. सावळ्या भाचरांना मेक्सिकनांच्या शाळेत न्या म्हणून सांगितलं. बाई सगळ्यांनाच घेऊन घरी परतली. १९४५ मध्ये मेंडेझ आणि आणखी चार कुटुंबांनी चार शाळा-जिल्ह्यांवर, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांवर, दावा लावला, १९४६ मध्ये जिंकला, आणि १९४७ मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम केला.

ही कथा सगळे अभिमानाने सांगतात. तू तिची अडचणीची बाजूही सांग. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तेव्हा चिनी, जपानी आणि काही मूळनिवासी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढायची मुभा होती, मेक्सिकनांचं नाव त्या यादीत नव्हतं. कायद्याच्या कागदावर मेक्सिकन गोरेच धरले जात, आणि दाव्याला त्याचाच मोठा आधार मिळाला. म्हणजे ज्या जपानी कुटुंबाच्या जमिनीवर उभं राहून हा लढा दिला, त्याच्या मुलांना वेगळं बसवायची मुभा कायद्यात तशीच होती. १९४७ मध्येच विधिमंडळाने ती कलमंही रद्द केली, पण हा मधला काळ गाळू नकोस.

आता जनगणनेचा सापळा. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश होता. १९४० मध्ये तो रकाना गेला आणि हेच लोक पुन्हा गोऱ्यांत मोजले गेले. दोन्ही वर्षांची पानं शेजारी ठेवलीस तर दहा वर्षांत वस्ती गायब झाली असं वाटेल. काही माणसं खरंच गेली होती, मंदीच्या काळात लाखोंना मेक्सिकोला धाडलं, त्यात जन्माने अमेरिकन असलेली मुलंही होती. पण बाकीचे त्याच घरात होते, बदलला तो रकाना. १९५० आणि १९६० मध्ये नैऋत्येच्या पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांवरून मोजणी केली. म्हणजे सोलेदाद विदाउरीसारख्या आडनावांचं काय झालं असेल, याचा विचार कर. थेट प्रश्न सगळ्यांना विचारला गेला तो १९८० मध्ये.

साऊथ गेटवर फार पानं खर्चू नकोस, पण एक गोष्ट नीट मांड. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९३६ ते १९८२ चालला, आणि तेवढ्या काळात गाव गोऱ्या कामगारांचं होतं. लॅटिनो कुटुंबांच्या हाती ती घरं आली तेव्हा कारखाने बंद पडत होते. ज्या पगारावर ते गाव उभं राहिलं होतं, तो पगार घराबरोबर मिळाला नाही. आज तिथे दहात नऊहून जास्त लोक लॅटिनो आहेत. वर्तमानपत्रं ‘गाव बदललं’ म्हणतात, कारखान्याचं नाव क्वचित घेतात.

माझी एक चूकही सांगते, तुला उपयोगी पडेल. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्याकडे तक्रार आली, समोरच्या अंगणाला उंच लोखंडी कुंपण घातलंय. नियम साडेतीन फुटांचा. मी टेप घेऊन गेले. पावणेपाच फूट भरलं. कुंपणाच्या आत हिरवळ नव्हतीच, फरशी होती, नोपाल निवडुंगाची दोन झाडं, पत्र्याच्या डब्यांत पुदिना, प्लास्टिकच्या चार खुर्च्या. एक आजी कुंपणावरून शेजारणीला तमालेसची, म्हणजे मक्याच्या पानांत उकडलेल्या पिठाच्या वड्यांची, पिशवी देत होती आणि तिच्याकडून कुणाच्या तरी ऑपरेशनची बातमी घेत होती. मी नोटीस लिहून दाराला अडकवली आणि गाडीत बसले. निम्म्या वाटेवर लक्षात आलं, की मी ओट्यावर नोटीस लावून आले होते. साताऱ्याच्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर आजी अशीच बसायची. नोटीस मात्र परत घेतली नाही. तेवढी हिंमत त्या वयात नव्हती. पुढे जेम्स रोहास या नगररचनाकाराचं ईस्ट एल.ए.तल्या, म्हणजे पूर्व लॉस एंजेलिसमधल्या, कुंपणांबद्दलचं लेखन वाचलं, तेव्हा ती आजी पुन्हा आठवली. रोहास म्हणतो, कुंपणामुळे अंगण बंद होत नाही, उलट रस्त्याशी बोलायला टेकायची जागा मिळते. तेव्हा नकाशे घेऊन जाशील तिथे थोडी टेकायलाही शीक. आणि खाल्ल्याशिवाय निघू नकोस, वाईट दिसतं.

एक घाईचं काम. १ जुलै २०२२ पासून कॅलिफोर्नियात काउंटीच्या नोंदणी कार्यालयांनी जुन्या कागदांतल्या या वंशभेदी अटी शोधून खोडायच्या, असा कायदा आहे. कायदा चांगला आहे, पण तुझ्या हाती खोडलेली प्रत येऊ शकते. मूळ प्रत जपून ठेवलेली असते. ती मागताना लाजू नकोस.

सोबत आमच्या घराच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. घर आम्ही १९८६ मध्ये घेतलं, पण कागद १९४१ चा. तिसऱ्या पानावर खाली पेन्सिलने खूण केली आहे. त्या ओळीप्रमाणे तुझे काका आणि मी या घरात राहू शकतो ते फक्त नोकर म्हणून. सही करताना दोघांनीही ते पान वाचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ये. येताना १९३० ची पानं आण, चष्मा मी शोधून ठेवते.

तुझी,
मावशी