मासिकात बारा वर्षं पडेल ते लिहिलं, आता कथा लिहायची आहे. पत्रकारितेनं हात बिघडतो का? नोकरी सोडावी का?

हात बिघडतो असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांनी बहुधा एकही ओळ वेळेत दिलेली नसणार.

मी पुण्यात एका साप्ताहिकात एकवीस वर्षं होते. मुलाखती, नाट्यपरीक्षणं, पाककृती, बिल्डरांच्या पुरवण्या. ज्योतिषीबुवांचा मजकूर आला नाही की राशिभविष्यही मीच. वृश्चिकेला एकदा सलग तीन आठवडे प्रवासयोग दिला होता. यानं हात बिघडत नाही, सुटतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दोन आठवड्यांनी मी औसा तालुक्यातल्या एका गावात होते. एक आजोबा ढिगारा उकरत होते. दागिने शोधत असतील असं वाटून विचारलं, तर म्हणाले, "दाराची कडी." त्या रात्री ते शेतावर राखणीला गेले होते. निघताना सुनेला बजावलं होतं, आतून कडी लावून घे. तिनं ती लावली होती की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

संपादकांनी तो परिच्छेद उडवला. "कडीचं काय घेऊन बसलात? पत्र्याच्या शेड किती आल्या ते लिहा." ते लिहायला हवंच होतं, नाही म्हणत नाही. पण कडी डोक्यातून जाईना. अकरा वर्षांनी एका दिवाळी अंकात कथा लिहिली. तीत आजोबांना कडी सापडते, न लावलेली.

संपादक तोवर निवृत्त झाले होते. अंक वाचून त्यांचा फोन. "सापडलेली पाहिलीत तुम्ही?" म्हटलं, नाही. "मग खोटं छापलंत. पुरावा संपला की पत्रकार कथा लिहायला घेतो." पुढे ते भेटले की हेच भांडण. मी म्हणायचे, बातमीत मेलेल्यांचा आकडा दिला तो सरकारी, मी कुठे मोजायला गेले होते? तो खरा आणि कडी तेवढी खोटी? अरुण साधू तर बातमीदारच, राजकारण जवळून बघितलं नसतं तर 'सिंहासन' लिहून झालं असतं का? यावर ते म्हणायचे, "ते साधू. तुम्ही कोण?" आता ते नाहीत, म्हणून इथे लिहितेय. उत्तर द्यायला येणार नाहीत.

तर कथा लिहा. टिपणवहीत जे छापून आलं नाही, तिथून सुरू करा. नोकरी मात्र सोडू नका. कथेचं मानधन मला पाचशे रुपये मिळालं, तेही पुढच्या दिवाळीला. आणि माझ्या घरात नवऱ्याचा पगार होता, हे आधीच सांगायला हवं होतं.

आणखी एक. खऱ्या माणसावरून लिहिलंत तर गाव बदला. मी बदललं नव्हतं. आजोबांना वाचता येत नव्हतं, पण त्यांचा नातू तेव्हा लातूरला शिकायला होता, हे मला ठाऊक होतं.