खंडग्रास ग्रहण कुठेच खग्रास का दिसत नाही?

प्रश्न : 25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, मग ते खग्रास कुठे दिसले?

उत्तर : पृथ्वीवर कुठेही नाही. चंद्राच्या सावलीचे दोन भाग असतात : मधली निमुळती होत जाणारी गडद छाया आणि तिच्याभोवतीची विरळ उपच्छाया. गडद छायेतून पाहणाऱ्याला सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो, तर उपच्छायेतून त्याचा काही भागच झाकलेला दिसतो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक अमावास्यांना ही सावली पृथ्वीला चुकवून जाते. त्या दिवशी चंद्र राहू-केतू, म्हणजे चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जिथे छेदते त्या दोन छेदनबिंदूंपैकी एकाच्या जवळ होता, पण पुरेसा जवळ नव्हता. म्हणून गडद छाया उत्तर ध्रुवावरून अवकाशात निघून गेली आणि पृथ्वीला फक्त उपच्छाया स्पर्शून गेली.

आपल्याकडे सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. पंचांगात यालाच ग्रस्तास्त म्हणतात. अशा ग्रहणात झाडाखाली पाहावे : पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे एरवीचे गोल कवडसे एका बाजूने कुरतडल्यासारखे दिसतात. सूर्याकडे मात्र प्रमाणित ग्रहण-चष्म्याशिवाय क्षणभरही पाहू नये, कारण उरलेली कोरसुद्धा डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकते आणि त्या वेळी वेदना जाणवत नाहीत.