उत्तराची वाट पाहता येणे

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका शाळेत चौथीला शिकवते. मुलांनी चटकन उत्तर दिले नाही, की माझा आवाज चढतो आणि मग दिवसभर मनाला रुखरुख लागते. संयम हा मुळात स्वभावातच असावा लागतो का?

उत्तर : नाही, तो सवयीने अंगी बाणवता येतो, आपल्याला रुखरुख लागते, हीच त्याची सुरुवात आहे, असे मी मनापासून मानतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. तोच अवधी ३ सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरे अधिक सविस्तर होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. आपल्या वर्गात तर भिली किंवा पावरी बोलणारी मुले असतील. अशा मुलाला ‘वजाबाकीत हातचा का घेतला?’ असे विचारले, की ते आधी प्रश्न घरच्या भाषेत समजून घेते, तिथेच विचार करते आणि मग मराठी शब्द शोधते. त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिले, तर ही धडपड दिसते. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश पाच अंक मोजावेत, खडू खाली ठेवावा आणि मुलाच्या शेजारी बसावे, कारण बसलेल्या माणसाचा आवाज सहसा चढत नाही. एखाद्या दिवशी आवाज चढलाच, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागावी.