डिस्चार्जच्या आधीच गावाकडची जोडणी करा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ७२ वर्षांच्या आईंना पक्षाघात झालाय, दोन-चार दिवसांत कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातून सोडणार, घर राधानगरी तालुक्यात आणि तुम्ही पुण्यात. पुढचं बघणारं ऑफिस कुठलं, असं विचारलंय. तसं एकच ऑफिस नाही. सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, गावचं उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, पेन्शन तहसीलदारांकडे. एकाकडचा पेशंट दुसऱ्याला आपोआप कळत नाही, तो आपणच कळवायचा.

म्हणून उद्याच वॉर्डातल्या सिस्टरना विचारून समाजसेवा अधीक्षकांना गाठा. लोक त्यांच्याकडे पैशाच्या अडचणीपुरतेच जातात. तुम्ही घरची सगळी परिस्थिती सांगा: दिवसा घरात कोण असतं, संडास आत की परड्यात, उचलायला माणूस आहे का. लघवीची नळी असेल तर ती कधी बदलायची, व्यायाम कुठले, पुन्हा कधी दाखवायचं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. आणि जो घरी सांभाळणार आहे त्यालाच वॉर्डात बोलवा. कॉटवरून खुर्चीत कसं घ्यायचं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, हे त्यानं तिथं स्वतःच्या हातानं करून बघू दे. आमच्या गल्लीतल्या एका आजींना घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत माकडहाडावर जखम झाली. मुलगा-सून रात्रंदिवस राबत होते हो, पण कूस बदलायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.

कार्डाची एक झेरॉक्स आशाताईंना, एक उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. बीपी-शुगर तपासणी उपकेंद्रात होते, नेहमीच्या गोळ्याही मिळतात, अंथरुणाला खिळलेल्यांची काळजीही त्यांच्या कामात धरलेली आहे. आशाताई गावच्याच असतात. त्यांच्याशी आपुलकीनं बोला, त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे.

पैशाचं थोडक्यात. ७० वर्षांपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचाराला, घरच्या खर्चाला नाही. वर म्हटलेल्या पेन्शनसाठी, म्हणजे वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेसाठी, तहसीलच्या संजय गांधी शाखेत चौकशी करा. तिथं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, बरेच अर्ज त्या दाखल्यावरच अडतात. दिव्यांग प्रमाणपत्राची घाई नको, आजार स्थिरावल्यावरच टक्केवारी ठरवतात.

राहिला रोजच्या हातांचा प्रश्न. अंघोळ घालायला, भरवायला माणूस यातलं कुठलंच खातं देत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. गावातल्या बचत गटात विचारा, गरजू आणि मायाळू बाई मिळू शकते. पगार नीट ठरवा, आणि जमलं तर डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच तिला वॉर्डात घेऊन या.